एकाच रंगाचे दोन झेंडे

पानिपतहून परतणाऱ्या आमच्या गटातले शंकरराव थोरात, वय बहात्तर, संक्रांतीनंतर दोन दिवसांनी दुपारी नवी दिल्ली रेल्वे स्थानकात बेपत्ता झाले. पुण्याची गाडी सुटायला तेव्हा अवकाश होता. त्यांच्या पत्नी सुमनकाकू यांच्या लक्षात ही गोष्ट सगळ्यांत आधी आली.

गट सांगली जिल्ह्यातला होता. बहुतेक शेतकरी, काही निवृत्त शिक्षक, चार-पाच जोडपी. संक्रांतीला पानिपतच्या काला अंब स्मारकावर मराठी माणसं दरवर्षी जमतात. तिथं जाऊन यायचं आणि परतीच्या वाटेवर दिल्ली बघायची, असा बेत होता. प्रमुख होते प्रकाश सर, माध्यमिक शाळेत इतिहास शिकवणारे. मी वर्तमानपत्रातली नोकरी संपवून मोकळा झालो होतो आणि गटात एक जागा शिल्लक होती, म्हणून गेलो.

काला अंब

स्मारक पानिपत शहरापासून थोडं बाहेर, शेतांच्या मधोमध आहे. आम्ही पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं की फाटकातून आतला स्तंभ दिसत नव्हता. जवळ गेल्यावर आधी पायऱ्या दिसल्या, मग माणसं. माणसं सगळी मराठी. कोल्हापूर, नाशिक, बीड, बारामती. प्रत्येक गटाच्या डोक्यावर भगवे फेटे आणि पुढे भगवा झेंडा. कुणी पोवाडा म्हणत होतं, कुणी तिळगूळ वाटत होतं. हरियाणातले काही लोक ट्रॅक्टरवर बसून हे बघत होते. त्यांतल्या एकाने मला विचारलं, "आप लोग हर साल हारने की बरसी मनाते हो?" विचारण्यात टोमणा नव्हता. प्रकाश सरांनी त्याला बराच वेळ समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि सगळ्यांसाठी शेतातले मुळे आणून दिले.

शंकररावांना गटात सगळे तात्या म्हणत. उंच, सडपातळ, कमी बोलणारे. स्तंभापुढे ते हात जोडून बराच वेळ उभे राहिले. काकू शेजारी. "लई दिसाची इच्छा होती त्यांची," काकू मला म्हणाल्या. "म्हटलं, आत्ताच जाऊन येऊ."

गर्दीत चालण्याचा सरांचा नियम एकच होता, आणि तो त्यांनी सांगली सोडल्यापासून रोज सांगितला. "बोर्ड वाचत बसू नका. कुणाला विचारू नका. झेंड्याकडं बघा आणि झेंड्यामागनं चला." झेंडा घडीच्या ॲल्युमिनियमच्या काठीवर होता आणि काठी गटातल्या संभाजी नावाच्या उंच गृहस्थांकडे. प्रत्येक मुक्कामाला सर माणसं मोजत. लाल किल्ल्यात, कुतुबमिनारला, करोलबागच्या बाजारात हा नियम चोख चालला.

जेवणाच्या बाबतीत गटाची नाराजी होती. रस्त्याकडेच्या ढाब्यावर पराठ्यावर लोण्याचा गोळा येई आणि काकू तो बाजूला काढून ठेवत. "भाकरी नाही का हो?" त्या वेटरला मराठीत विचारत. वेटर हिंदीत सांगे की पराठा गरम आहे. दोघांचंही समाधान होई. चहा मात्र सगळ्यांना आवडला. आपल्याकडच्या दुप्पट, आलं घातलेला, आणि थंडीमुळे पेला दोन्ही हातांत धरून ठेवण्याचा.

पहाडगंजची बाजू

नवी दिल्ली स्थानकाला दोन तोंडं आहेत. एक पहाडगंजकडे, तिथं एक नंबरचा फलाट. दुसरं अजमेरी गेटकडे. तिथं सोळा नंबरचा. मध्ये बाकीचे सगळे फलाट आणि त्यांच्यावरून जाणारे पूल. चुकीच्या तोंडाने आत शिरलं तर सगळं सामान घेऊन अख्खं स्थानक ओलांडावं लागतं. आमची गाडी अजमेरी गेटच्या बाजूच्या फलाटावर लागणार होती आणि बसवाल्याने आम्हाला पहाडगंजच्या बाजूला सोडलं. तिकडे वळायला जागा नाही, एवढंच त्याने सांगितलं.

माझी भाची मीनल तिथं डबा घेऊन उभी होती. ती फरीदाबादला राहते आणि केंद्र सरकारच्या एका कार्यालयात काम करते. वडिलांच्या नोकरीमुळे जन्म दिल्लीतला. पहाडगंजमधल्या मराठी माध्यमाच्या शाळेत ती चौथीपर्यंत होती. नंतर मराठी घरापुरती राहिली.

"मामा, तुम्ही लोक या साइडनी का आलात यार? अजमेरी गेटनी यायचं ना. आता पूरा पूल क्रॉस करा."

"बसवाल्यानं सोडलं."

"सोडणारच. त्याला काय, तो निघून गेला. चलो."

सामान तपासणीच्या यंत्राशी बरीच रेटारेटी झाली. तिथल्या शिपायाने झेंड्याची काठी दुमडायला सांगितली. संभाजींनी ती दुमडली आणि आत गेल्यावर पुन्हा उघडली. यंत्रातून बॅगा ज्या क्रमाने गेल्या त्या क्रमाने बाहेर आल्या नाहीत. गटातल्या दोघांनी एकमेकांच्या बॅगा उचलल्या आणि फलाटावर पोचेपर्यंत वाहिल्या.

धुक्यामुळे जवळजवळ सगळ्या गाड्या उशिरा होत्या. फलकावर वेळा बदलत होत्या आणि वेळांबरोबर फलाटही. पूल खालच्या फलाटांइतकाच भरला होता. लोक गाठोड्यांवर, रजयांवर, एकमेकांच्या पाठींना टेकून बसले होते. लाल शर्टातले हमाल डोक्यावर बॅगांची चळत घेऊन "साइड, साइड" म्हणत मधून जात होते आणि गर्दी त्यांना खरोखरच वाट देत होती. ती इतर कुणाला देत नव्हती.

आम्ही पुलाच्या मध्यावर असताना खाली एक गाडी आली आणि तिची माणसं जिन्यांवरून वर चढली. बराच वेळ कुणालाच पुढे सरकता आलं नाही. मी झेंडा बघत होतो. तो माझ्या पुढे, डोक्यांच्या वर होता. त्याच वेळी डावीकडे, थोडा मागे, दुसरा झेंडा होता. रंग तोच, आकार तोच. त्याखाली भगवे फेटे होते आणि ते खाली उतरत होते. काला अंबला आलेल्यांपैकीच कुणीतरी असणार, असं मला वाटलं. त्यापलीकडे मी काही विचार केला नाही.

आमच्या फलाटावर उतरल्यावर काकू थांबल्या आणि मागे बघत राहिल्या.

"आमचे हे कुठायत?"

प्रकाश सरांनी माणसं मोजली. एक कमी भरला. पुन्हा मोजली.

पुलावर

पहिला विचार फोनचा झाला. थोरात जोडप्यात फोन एकच होता आणि तो काकूंकडे होता. सरांनी प्रत्येकाला गळ्यात घालायला ओळखपत्र दिलं होतं. त्यावर सरांचा नंबर होता. तात्यांचं ओळखपत्रही काकूंच्या पिशवीत निघालं. हरवू नये म्हणून त्यांनी दोन्ही नीट गुंडाळून ठेवली होती.

सर आणि संभाजी झेंडा घेऊन पुलावर परत गेले. मी आणि मीनल चौकशीच्या खिडकीकडे गेलो. बाकीचे सामानाशी थांबले. काकू थांबायला तयार नव्हत्या. त्या आमच्याबरोबर आल्या.

दिल्लीत पत्ता विचारला तर नाही कुणी म्हणत नाही. आपल्याकडे माणूस आधी "मला नाही माहीत" म्हणतो आणि मग दुसऱ्याला विचारून सांगतो. इथं प्रत्येकाने लगेच हात दाखवला. भगवा फेटा, उंच म्हातारे? हाँ हाँ, अभी गए. पाणीवाल्याने पूर्वेकडे दाखवलं, पुस्तकवाल्याने पश्चिमेकडे, एका हमालाने वर. कुणीही खोटं बोलत नव्हतं. त्या दुपारी स्थानकात भगवे फेटे घातलेले उंच म्हातारे बरेच होते.

खिडकीतल्या कर्मचाऱ्याने नाव विचारलं. मीनलने हिंदीत सगळं सांगितलं, मग वळून काकूंना विचारलं, "काकू, अंगावर काय आहे त्यांच्या?"

"धोतर. पांढरा सदरा, वर बंडी. गळ्यात उपरणं."

"उपरणं म्हणजे?"

"अगं, खांद्यावर टाकतात ते."

"अच्छा, गमछा." तिने ते खिडकीत सांगितलं.

घोषणा झाली. शंकर राव थोरात, महाराष्ट्र से, जहाँ कहीं भी हों, पूछताछ केंद्र पर आ जाएँ. आम्ही थांबलो. दुसऱ्यांदा झाली. मीनलने कर्मचाऱ्याला विनंती केली की एकदा मराठीत करा, मी लिहून देते. त्याने ती केली. मराठी वाक्य दिल्लीच्या उच्चारात सगळ्या फलाटांवर ऐकू गेलं. तोवर प्रकाश सर आणि संभाजी पुलावरून परतले होते. तात्यांशिवाय.

"येतील आता," सर म्हणाले. "मराठीत ऐकल्यावर येतीलच."

काकू म्हणाल्या, "नाही यायचे."

"का?"

त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि मग सोडला. "त्यांना त्यांचं नाव कधी ध्यानात असतं, कधी नसतं. वरीस झालं. कधी घर सापडत नाही. कधी मला वळखत नाहीत."

सरांचा आवाज चढला. "काकू, हे आधी सांगायचं होतं की! असा माणूस घेऊन आपण अख्खी दिल्ली हिंडलो."

"सांगितलं असतं तर नेलं असतंत का?"

सरांनी पुन्हा पुलाकडे बघितलं.

"सगळं इसरायच्या आधी त्यांना ते ठिकाण दावायचं होतं," काकू म्हणाल्या. "दावलं. आता मी हितनं हलत नाही. तुमी गाडी धरा."

मीनल त्यांच्या शेजारी बाकावर बसली. "काकू, तुम्ही एकट्या नाही राहणार. बिल्कुल नाही. मी आहे ना. रात्री माझ्या घरी चला, सकाळी परत शोधू."

"घरी येऊन काय करू, बाळ? ते हितं आणि मी तिकडं?"

त्यानंतर आम्ही रेल्वे पोलिसांच्या चौकीत गेलो. तिथले हवालदार हरियाणाचे होते, भरदार मिशांचे आणि मदतीला तयार. कॅमेऱ्यांतलं चित्रण बघायला वेळ लागेल, म्हणाले, पण माणसं पाठवतो. त्यांनी वर्णन लिहून घेतलं आणि दोन शिपाई पाठवले. आम्ही चौकीबाहेर उभे राहिलो. आमच्या गाडीची घोषणा झाली. ती फलाटावर यायला निघाली होती.

थोड्या वेळाने एक शिपाई गर्दीतून येताना दिसला. त्याने एका उंच म्हाताऱ्याचा दंड धरला होता. भगवा फेटा, धोतर, बंडी. काकू उठल्या. दोन पावलं पुढे गेल्या आणि थांबल्या.

"लो जी," शिपाई म्हणाला, "मिल गए आपके ताऊ। बड़ी मुश्किल से माने हैं।"

"अरे सोड ना बाबा!" म्हातारा मराठीत हिंदी मिसळून ओरडत होता. "हम हरवल्या नहीं! हम पानी भरने को गया था!" त्याच्या हातात पाण्याची भरलेली बाटली होती.

बघ्यांमध्ये हशा झाला. हवालदारांनी काकूंना विचारलं, "माता जी, यही हैं?"

"नाहीत हो," काकू म्हणाल्या आणि पुन्हा बसल्या.

म्हाताऱ्याचं नाव भिकाजी आबा. नाशिक जिल्ह्यातल्या, मनमाडहून निघालेल्या गटाबरोबर ते काला अंबला आले होते. त्यांची गाडी पलीकडच्या एका फलाटावर उभी होती. ते पाण्यासाठी उतरले, परतताना शिपायाने त्यांना धरलं आणि त्यांच्या हिंदीचा शिपायावर परिणाम झाला नाही.

"आमची गाडी गेली असणार आता," आबा चिडून म्हणाले. "आणि आमचे देवरे मला शोधत बसले असणार. लावा त्यांना फोन!" त्यांच्या गळ्यात ओळखपत्र होतं. त्यावर गटप्रमुखांचा नंबर होता. सरांनी तो लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा फोन धरला.

"देवरे बोलताय का? तुमचे भिकाजी आबा नवी दिल्लीला आमच्यापाशी आहेत."

"कोण आबा?" पलीकडून गाडीचा आवाज येत होता. "आमचे आबा तर गाडीत आहेत. गाडी सुटताना मोजली मी माणसं. बरोबर भरली."

"अहो, ते माझ्यासमोर उभे आहेत."

"देवरे, मी बोलतोय रे!" आबा फोनमध्ये ओरडले. "मला सोडून गेलात आणि वर माणसं भरली म्हणता?"

देवरे म्हणाले, "थांबा."

ते डब्यातून चालत गेल्याचं ऐकू येत होतं. त्यांचा गट आठ-दहा गावांतून गोळा केलेला होता. थंडीमुळे प्रत्येकाने फेट्याखाली मफलर गुंडाळला होता आणि शेजारचा माणूस आपल्याच गटातला कुणीतरी आहे, असं जो तो धरून चालला होता. देवरे परत बोलले तेव्हा त्यांनी आवाज हळू केला होता.

"एक बाबा आहेत कोपऱ्यात. फेटा आमच्यासारखाच. नाव विचारलं तर 'बसा' म्हणतात. शेजारच्यांनी त्यांना तिळाची पोळी दिली, ती खाताहेत."

काकूंनी सरांच्या हातातून फोन घेतला. "त्यांच्या उजव्या हाताची करंगळी बघा. वरचं पेर आहे का?"

"आहे... नाही, नाहीये. पेर नाहीये."

"उसाच्या चरकात गेलं होतं," काकू म्हणाल्या. "तेच हैत."

संभाजी मध्येच म्हणाले, "साखळी ओढायला सांगा!"

"आणि मधल्या रुळांवर उतरवायचं त्यांना?" सर म्हणाले. "काही नको." ते देवऱ्यांशी बोलू लागले. दोन्ही गाड्या मथुरेवरूनच जाणार होत्या. देवऱ्यांची गाडी तिथं आधी पोचणार होती. तात्यांना मथुरेला उतरवून आमच्या गाडीत चढवायचं, असं ठरलं.

"उतरवायला कोण?" काकूंनी विचारलं.

"मी स्वतः उतरतो त्यांच्याबरोबर," देवरे म्हणाले. "गट आमच्या मिसेस सांभाळतील. तशाही त्याच सांभाळतात. तुमची गाडी येईपर्यंत थांबतो, आबांनाही तुमच्याच गाडीत गाठतो आणि मनमाडला आम्ही दोघं उतरतो."

काकूंनी त्यांना सूचना दिल्या. लघवीला एकटं सोडू नका. दाराशी उभं करू नका. "आणि 'उतरा' म्हटलं तर उतरायचे नाहीत. अंगाला हात लावला तर चिडतात. 'तात्या, पाण्याची पाळी आली' म्हणा. मग येतील."

त्यांच्या भागात कालव्याचं पाणी ठरलेल्या पाळीने मिळतं आणि पाळी चुकली तर पुढच्या पाळीपर्यंत शेत कोरडं राहतं. देवऱ्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी विचारलं, "बोलता का त्यांच्याशी? देऊ?"

काकूंनी फोन कानाशी घट्ट धरला, तरी आवाज बाहेर येत होता.

"अहो, मी सुमन."

"सुमन रानात गेलीय," तात्या म्हणाले. "आल्यावर सांगतो तिला."

"बरं," काकू म्हणाल्या. "जेवलात का?"

"खातोय."

त्यांनी फोन सरांना परत दिला. "बरे हैत," त्या म्हणाल्या, "चला, गाडी धरू."

गाडी फलाटावर आली होती. हवालदारांनी चौकीतून चहा मागवला. आबांनी रागातच तो घेतला आणि नंतर दुसरा मागितला. मीनलने आणलेला डबा माझ्याऐवजी काकूंच्या पिशवीत ठेवला. "काकू, पोहोचलात की फोन करायचा हं. नाहीतर मला झोप नाही येणार." काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. असं कुणी फार दिवसांत केलं नव्हतं, असं ती मला म्हणाली, आणि पहाडगंजच्या बाजूला जायला पुलाच्या जिन्याकडे वळली.

मथुरा

दिल्ली सोडल्यावर गाडी बराच वेळ हळू चालली आणि मोकळ्या रानात दोनदा थांबली. बाहेर मोहरीची शेतं असावीत. धुक्यात पिवळा रंग मधूनमधून दिसून नाहीसा होत होता. काकू दाराजवळच्या बाकावर बसल्या होत्या. आबा त्यांना आपल्या द्राक्षबागेबद्दल सांगत होते. त्या ऐकत होत्या की नाही, हे कळत नव्हतं.

पलवलच्या पुढे देवऱ्यांचा फोन आला. ते मथुरेला उतरले होते, तात्या बरोबर होते. आधी 'चला' म्हणून पाहिलं, तर हलले नाहीत. मग पाण्याची पाळी सांगितली. "ताडकन उठले. माझ्याआधी दाराशी. फलाटावर उतरल्यापासून विचारताहेत, पाट कुठाय म्हणून. मी म्हटलं, येतोय."

त्यानंतर फोन लागला नाही. सरांनी अनेकदा लावला. मथुरेचा थांबा थोडाच असतो, असं डब्यातल्या एका प्रवाशाने सांगितलं. सर आणि संभाजी एका दाराशी उभे राहिले, मी दुसऱ्या. काकूंना खाली उतरू नका, असं तिघांनीही सांगितलं होतं.

गाडी मथुरेच्या फलाटात शिरली. दिवे लागले होते. फलाटावर पेढेवाले, पोती, पांढरी वस्त्रं नेसलेल्या बायका. आमचा डबा बराच पुढे जाऊन थांबला. दोघं कुठेच दिसेनात. संभाजींनी झेंडा दाराबाहेर काढला आणि हलवायला सुरुवात केली. सरांनी त्यांच्या हातातून तो घेऊन आत टाकला आणि ओरडले, "देवरे! देवरे!"

काकू खाली उतरल्या. कुणी अडवायच्या आत उतरल्या आणि गाडीच्या मागच्या टोकाकडे चालू लागल्या. मी त्यांच्यामागे गेलो. पाण्याच्या नळापाशी एक बुटका, जाड भिंगांचा चष्मा लावलेला माणूस उभा होता आणि त्याच्याजवळ तात्या. तात्यांचा फेटा सुटला होता. देवऱ्यांनी आपला मफलर त्यांच्या कानांवरून बांधला होता. तात्या नळ बंद करत होते. नळ गळका होता आणि बंद होत नव्हता.

"असू द्या," काकू म्हणाल्या. "चला."

तात्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मग नळाकडे. मग ते चालू लागले. देवरे एका बाजूला, काकू दुसऱ्या. शिटी झाली. आबा दारातून हात पुढे करून उभे होते. त्यांनी तात्यांना वर ओढलं, मग देवऱ्यांना. काकूंना मी आणि सरांनी चढवलं. गाडी हलली.

तात्यांनी काकूंना ओळखलं होतं की नाही, याची खात्री मला करता आली नाही. मी विचारलं नाही आणि काकूंनी सांगितलं नाही. डब्यात तात्या खिडकीशी बसले. काकू पलीकडच्या टोकाला, जागा होती तिथं. आग्रा यायच्या आधी तात्या उठले. त्यांनी काकूंना खिडकीकडे बसायला सांगितलं आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसले.